माथ्यावरची दगडांची रास

देवरी सोडली की राज्य मार्ग चिचगडच्या दिशेनं जंगलात शिरतो. आधी दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मग साग, ऐन, मोह, आणि मग रस्ता एकदम चढायला लागतो. आमच्या गावचा चढ तीन वळणांचा होता. माथ्यावर मोहाच्या झाडाखाली दगडांची रास, छातीएवढी. देव त्या राशीतच आहे असं आमच्याकडे मानतात. चढून आलेल्यानं एक दगड उचलून राशीवर टाकायचा, म्हणजे पुढचं जंगल सुखरूप पार होतं आणि माणूस परत येतो. बसचा ड्रायव्हर टाकायचा, बांबूचे ट्रकवाले टाकायचे, छत्तीसगडकडचे हिंदी बोलणारेही टाकायचे.

राशीसमोर माझ्या मोठ्या भावाचं चहाचं हॉटेल होतं. म्हणजे थांबलेल्या प्रत्येक माणसाच्या समोर. ती जागा माझी व्हायला हवी होती. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

बाबांनी वाटणी केली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा त्याला दिला आणि मागची मुरमाड बरड मला. बरडीवर तरोट्याच्या तणाशिवाय काही उगवत नव्हतं. मी कारण विचारलं. बाबा म्हणाले, "त्याले चार लोकांत बोलता येत नाही. तुले बोलता येते. तू कोठंही पोट भरशील." भाऊ तिथंच बसला होता. तो मान खाली घालून हसला. बाबांना मी माफ केलं, ते लवकर गेले. ते हसू मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पोट मी भरलं. आधी बसमध्ये फुटाणे विकले, मग आठवडी बाजारांतून मोहफुलं आणि चारोळी विकत घेऊन गोंदियाला न्यायला लागलो. पोत्यात हात घातला की फुलं किती ओली आहेत ते मला कळतं. विकणारी बाई गप्प बसेपर्यंत मी बोलत राहतो. गोंदियाचे व्यापारी मला रक्त पिणारा म्हणायचे आणि मी ते शाबासकी म्हणून घ्यायचो. पण गोंदियाला जाणारी बस घाटमाथ्यावर थांबायचीच. सगळे उतरून भावाकडे चहाला जायचे आणि मी एकटा सीटवर बसून राहायचो. सुरुवातीला वहिनी खिडकीशी कप आणून द्यायच्या. मी त्यांच्यादेखत तो खाली ओतायचो. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी आणला नाही.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले. वळणं काढायची तर जंगलातली झाडं तोडावी लागणार होती आणि वनखात्याची परवानगी कोण जाणे कधी मिळणार होती. मी त्यांना माझी बरड दाखवली. म्हटलं, इथून सरळ काढा, एक झाड मध्ये येत नाही. जमीन देतो, मुरूम इथलाच घ्या, मजुरांना राहायला जागा देतो. त्यांचा साहेब हुशार होता, पण त्याला घरी जायची घाई होती. मला घाई नव्हती. तीन बैठकांत रस्ता माझ्या बाजूला आला. एक गोष्ट मी जास्तीची मागून घेतली. टेकडी खोल कापा, चढ राहू देऊ नका, माझ्या दारापुढं रस्ता सपाट पाहिजे, भरलेला ट्रक आरामात उभा राहिला पाहिजे. साहेब म्हणाला, चढ कमी झाला तर आम्हालाही बरंच. मला वाटलं, फुकटात मिळालं.

उरली दगडांची रास. ती जुन्या रस्त्यावर राहिली तर गाड्या फिरून तिथंच जातील, अशी मला भीती होती. गावाला मोहाखाली गोळा केलं. बोकड दिला, जेवण दिलं. रास नव्या रस्त्यावर हलवावी, देवाला रहदारी लागते, असं मी सांगितलं. राशीची पूजा करणारा म्हातारा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "देवाचं काय, जेथं ठेवशील तेथं बसल. ड्रायव्हरचं तू पाह्य." लोक हसले. मीही हसलो, कारण ड्रायव्हर मला त्याच्याहून जास्त माहीत होते.

भाऊ झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. त्याच्या पोटाचा सवाल होता, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्याला न विचारता उठलो असतो तरी चाललं असतं. पण मी विचारलं, सगळ्यांसमोर, आवाज चढवून. "दादा, तुझं काही म्हणणं असन तर सांग ना. बोल."

तो उभा राहिला. त्याचे ओठ हलले. त्यानं वहिनींकडे पाहिलं, मग राशीकडे, मग खाली बसला. कोणीतरी खिदळलं असं नंतर लोक सांगत होते. कोणीतरी नाही, पहिला मीच होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या चार खेपांत रास हलली. पाठोपाठ मी सिमेंटची फरशी टाकून हॉटेल बांधलं, फ्रिज आणला, ट्रकवाल्यांना टेकायला खाटा टाकल्या. नवा रस्ता सुरू झाला त्या सकाळी मी भट्टीवर मोठं भगोनं ठेवून दारात उभा राहिलो.

पहिला ट्रक आला. राशीजवळ त्यानं हॉर्न वाजवला आणि निघून गेला. दुसऱ्यानं हॉर्न वाजवून कपाळाला हात लावला. बस आली, तिच्या ड्रायव्हरनं नुसता हॉर्न दिला. दुपारपर्यंत दूध नासलं. मी भट्टीवाल्या पोऱ्याला उगाच शिव्या दिल्या आणि तो संध्याकाळी काम सोडून गेला.

आठवडाभरानं एक ट्रक थांबला तो टायर पंक्चर झाला म्हणून. ड्रायव्हर जुना, भावाकडे नेहमी बसणारा. मी त्याला विचारलं, देवाला आता दगड का टाकत नाहीस. तो चाक खोलता खोलता म्हणाला, "पहले चढ़ाई में गाड़ी गरम हो जाती थी चाचा, पानी डालने को रुकना पड़ता था. रुके तो पत्थर भी डाल दिया. अब कायको रुकेंगे?" त्यानं टायर बदलला आणि चहा न पिता गेला.

इतकी वर्षं मी त्याच घाटावर बसमध्ये बसून होतो. ड्रायव्हर बोनेट उघडतो, पाणी ओततो, हे रोज पाहत होतो. आणि तरी गाड्या देवासाठी थांबतात असंच धरून चाललो. चढ मीच काढायला लावला होता, तोही घासाघीस करून. गाड्या न थांबता जाव्यात म्हणूनच साहेब खूश झाला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही खूश झालो असतो.

गतिरोधक मागायला मी दोनदा देवरीला गेलो. राज्य मार्गावर असं कोणाच्या हॉटेलासाठी टाकत नाहीत, असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्याच्याशी माझी बाचाबाची कॉलर धरण्यापर्यंत गेली.

भावाचं हॉटेल दिवाळीआधीच बंद पडलं. जुन्या डांबरावर वहिनी आता मोहफुलं वाळवतात. मीच ती विकत घेतो, कारण दुसरा घेणारा इकडे येत नाही. भाव मी सांगतो तोच.

एका सकाळी भाऊ माझ्या दारात आला. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. नागपूरला कुठल्याशा इमारतीत चौकीदाराचं काम लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या हॉटेलात येऊन बसला आणि त्यानं चहा मागितला. मी दिला. तो रस्त्याकडे बघत पीत होता. दोन ट्रक हॉर्न देऊन गेले. कप ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुले बोलता येते ना," तो म्हणाला. "सांग मंग गाड्याइले थांबाले."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला संताप आला. मी म्हटलं, "चहाचे दहा रुपये झाले." त्यानं दहाची नोट काढून दिली. मी ती घेऊन टेबलावर ठेवली.

बस दिसल्यावर तो रस्त्याच्या कडेला गेला. वाकून त्यानं एक दगड उचलला, सवयीनं. राशीपर्यंत गेला आणि तिथं थबकला. मग परत येऊन तो दगड त्यानं माझ्या टेबलावर, नोटेशेजारी ठेवला, आणि जाऊन हात दाखवला. बस थांबली. त्या दिवसात माझ्या दारात थांबलेली ती एकच गाडी. कंडक्टरला मी चहासाठी हाक मारली. उशीर झाला, असं म्हणत त्यानं घंटी मारली.

होळीला भाऊ आला नाही, पोळ्यालाही नाही. वहिनी फुलं घेऊन येतात तेव्हा टेबलावरच्या त्या दगडाकडे बघतात. मी तो राशीवर टाकलेला नाही. ट्रक गेला की इथं वारा फार येतो, आणि वर्तमानपत्राची पानं उडतात. ती दाबायला तो लागतो.