फिक्या चहाच्या ठकूबाई

ठकूबाईंच्या घरी आधी अपमान व्हायचा, मग चहा मिळायचा. कपात चमचा घालून त्या ढवळायला लागायच्या आणि ढवळता ढवळता समोरच्याची उलटतपासणी सुरू व्हायची. चमचा काठावर टणटण वाजत राहायचा. ती टणटण थांबेपर्यंत कपाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी गुरांचा डॉक्टर. घोडेगावच्या पुढे पाटाच्या कडेनं जी आठ-दहा गावं आहेत, ती माझ्याकडे. बदली होऊन आलो त्याच आठवड्यात लोकांनी मला सावध केलं होतं की त्या म्हातारीकडे जनावर बघायला जा, पण चहाला थांबू नका. लई फिका असतो आणि म्हातारी चिक्कू आहे.

आमच्या भागात चहा फिका असणं हा साधा दोष नाही, ती बदनामी आहे. चहूकडे ऊस, धुराडं दिसेल एवढ्या अंतरावर कारखाना, आणि दिवाळीला सभासदांना स्वस्तात मिळणारी साखर. ती पोतं-पोतं घरी आणायची आणि वर्षभर एकमेकांना पाजायची, यालाच आम्ही माणुसकी म्हणतो. पाहुणा जेवलाय का, हे कुणी विचारणार नाही, पण त्याच्या चहात चार चमचे साखर आधीच उकळत असते. डॉक्टरला मान म्हणून पाचवा. मी दिवसाला दहा घरं फिरायचो आणि दहा कप प्यायचो. सकाळी उपाशीपोटी निघायचो, बशीतली बिस्किटं हाच नाष्टा. नको म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मला ते आवडायचं.

ठकूबाई मात्र पातेल्यात साखर घालतच नसत. चहा उतरला की पत्र्याचा डबा घेऊन यायच्या आणि प्रत्येक कपात सपाट एक चमचा टाकायच्या. पाहुण्यासमोर साखर मोजणारी बाई गावाला सहन होणं शक्य नव्हतं. त्यांच्या वाट्याची कारखान्याची साखर तर डबाभर ठेवून बाकी सगळी त्या हरिनाम सप्त्याला देऊन टाकायच्या. म्हणायच्या, "देवाला खाऊ द्या. त्याला शुगर होत न्हाई."

आमची खरी ओळख त्यांच्या म्हशीमुळे झाली. म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. अंगातलं कॅल्शियम उतरलं होतं. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि पोटात आठ-नऊ कप चहा होते. कॅल्शियम शिरेतून द्यावं लागतं, सावकाश. सुई बाहेर सरकली तर मान सुजते, घाईनं सोडलं तर जनावर जागेवर जातं. मी शीर धरली आणि माझा हात कापायला लागला. कपाळावर घाम, डोळ्यांपुढे काजवे. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. गोड खाल्लं की तासभर मी राजा असायचो आणि मग एकदम पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं व्हायचं. तोपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

ठकूबाईंनी काही न विचारता माझं मनगट पकडलं. बाटली संपेपर्यंत सोडलं नाही. थोड्या वेळानं म्हैस पुढचे पाय टेकत उभी राहिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हैस उठली, डाक्तर. आता तुमचं काय?"

मी उन्हाचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या की ऊन त्यांनाही लागतंय आणि त्यांचं वय पंच्याहत्तर आहे.

रात्रभर त्या प्रश्नानं मला झोप दिली नाही. बेचाळिसाव्या वर्षी हात कापणाऱ्या डॉक्टरच्या हाती कोण जनावर देईल? नगरला जाऊन तपासण्या केल्या. डॉक्टरांनी सांगितलं, अजून मधुमेह नाही, पण तुम्हाला साखर सोसत नाही. झपकन चढते आणि झपकन उतरते. असंच चालू ठेवलंत तर पुढचा रिपोर्ट वेगळा येईल. मी केडगावला घरी आलो आणि बायकोसमोर हात जोडून जाहीर केलं की आजपासून साखर बंद, चहा बंद, भात बंद. मोबाईलवर एक गुळगुळीत माणूस एकवीस दिवसांत नवा जन्म देतो असं सांगत होता, त्याच्यावर माझा विश्वास बसला. शिकलेला माणूस फसायचा ठरला की अडाण्यापेक्षा लवकर फसतो.

माझा नवा जन्म चार दिवस टिकला. डोकं ठणकायचं, जो भेटेल त्याच्यावर खेकसायचो. पाचव्या दिवशी एका घरी गाय व्याली होती आणि त्यांनी खरवस पुढे केला. गुळाचा, वेलदोड्याचा, थरथरणारा. मी दोन ताटल्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. दोन तासांनी पाटाच्या रस्त्यानं येताना हँडल धरलेले हात माझे राहिले नाहीत. गाडी भरावावरून खाली गेली. बाभळीनं अडवलं म्हणून पाण्यात पडलो नाही. समोरच ठकूबाईंचं रान होतं. त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं, मंगलनं, मला उचलून ओट्यावर आणलं. मंगलनं ज्वारीची भाकरी आणि ताक पुढे ठेवलं. खाल्ल्यावर मी माणसात आलो. त्या दिवसापासून ठकूबाईंनी मला 'तुमी' म्हणणं सोडलं.

पराक्रम त्यांना सांगितला. चार दिवस कसं सगळं सोडलं होतं, हेही जरा छाती काढूनच सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"गाभन म्हशीचा चारा एका दिवसात बदलू नका, म्हनून मला कोन सांगत हुतं? नवी पेंड मूठ-मूठ वाढवा, जुनी मूठ-मूठ कमी करा, पंधरा दिस लागू द्या. न्हाईतर पोट फुगतं, जनावर दगावतं. तूच ना त्यो? म्हशीला अक्कल लावतोस अन् सोताला न्हाई व्हय?"

अख्ख्या तालुक्याला हे भाषण मी तोंडपाठ ऐकवत आलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. शाळेत पाठ केलेली ही म्हण आपल्याच बारशाला केली असावी असं त्या ओट्यावर वाटलं.

मग ठकूबाईंनी मला दावणीला बांधलं. दुसरा शब्द नाही. पहिले पंधरा दिवस साखरेला हातच लावू दिला नाही, म्हणजे कमी करू दिली नाही. फक्त एक अट घातली, सकाळी घरातून भाकरी खाऊन निघायचं, मग पी काय प्यायचा तो चहा. पोट भरलेलं असलं की पाचव्या घरी बिस्किटाकडे हात जात नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या पंधरवड्यात खिशात भाजलेले शेंगदाणे आणि हरभरे आले. मग दहा चहाचे आठ, आठाचे सहा. मग चमचे. त्यांच्या घरी माझ्यासाठी खास दोनपासून सुरुवात झाली, कारण पाचावरून एकावर आणलं तर हे जनावर दावं तोडेल असं त्यांनी माझ्यासमोरच मंगलला सांगितलं. दोनाचा दीड, दीडाचा एक. प्रत्येक पायरीला महिना-महिना. मी घाई केली की त्या चिडायच्या आणि ढिलाई केली की जास्त चिडायच्या.

मध्येच मी शहाणपणा केला. कुणीतरी सांगितलं गूळ चालतो, म्हणून घरोघरी गुळाचा चहा मागायला लागलो आणि हे ठकूबाईंना अभिमानानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गूळ काय बाजरीच्या कणसाला येतो का रं?" तो विषय तिथंच मिटला.

एकदा मात्र मी खरंच रडकुंडीला आलो. लोक दुखावतात हो मावशी, म्हणालो, प्रेमानं देतात, नाही कसं म्हणायचं? त्यांचा ढवळणारा हात थांबला. एरवी त्या नवऱ्याबद्दल बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. किसनरावांना शुगर होती. घरात ठकूबाईंनी चमचा-चमचा कमी करत आणला होता, पातेल्यात साखर घालायची बंद केली ती तेव्हापासून. पण किसनराव चहा प्यायला गावात जायचे आणि गाव हळहळून पाजायचं. आधी अंगठा गेला, मग पाय, मग माणूस.

"मी घरात एक चमचा कमी केला की गावानं बाहेर दोन वाढवले. बिचाऱ्याला बायको साखर देईना म्हनत्यात. तेराव्यालाबी लाडू वळले मेल्यांनी. प्रेम म्हनं."

एवढं बोलून पुन्हा ढवळायला लागल्या. ज्या बाईला गाव वीस वर्षं चिक्कू म्हणत होतं, तिनं हे त्या गावाला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग नव्हता. गावाला कारण नको असतं, नाव ठेवायला माणूस लागतो. त्या दिवसापासून मी दारातच सांगायला लागलो की चहा नको, ताक असेल तर द्या. लोक दुखावले. आठ दिवसांनी विसरले. एवढ्यासाठी मी माझे हात घालवायला निघालो होतो.

अर्ध्या चमच्यावर मात्र मी अडलो. तो काढायची वेळ आली तेव्हा हट्टच धरला. म्हणालो, मावशी, तेवढा राहू द्या, तेवढ्यावर माझा जीव आहे, त्याखाली चहा मला चहा वाटणार नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. अर्ध्यावर मर."

ही एकच लढाई मी त्यांच्याशी जिंकली. पुढे डबा ओट्यावर आणायचा त्यांनी कंटाळा केला, कप आतूनच भरून यायचा, पण चमचा असायचा आणि माझ्यासमोर टणटण ढवळणंही. मी चवीनं प्यायचो. जिभेला वळण लागलं की अर्धा चमचासुद्धा किती गोड लागतो, यावर मी घोडेगावच्या बाजारात लोकांना धरून व्याख्यानं दिली. चार चमचेवाल्यांच्या जिभा मेलेल्या असतात, असंही म्हणालो.

त्यांची तीच म्हैस पुढच्या वेताला पुन्हा बसली. मी शीर धरली, सुई घातली, बाटली उंच केली. ठकूबाई शेजारी उभ्या होत्या, हात मागे बांधून. बाटली संपेपर्यंत त्या म्हशीकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होत्या. बोटं हलली नाहीत. आता काहीतरी बरं बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, "भाकरी वाया न्हाई गेली," आणि वैरण टाकायला निघून गेल्या. मला त्यावर आठवडा काढता आला.

गेल्या थंडीत त्या गेल्या. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या सकाळी संपलं. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी पुण्यात होतो, पोचलो तो थेट पाटाकाठी दशक्रियेलाच. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर पुढारी माईकवर श्रद्धांजली वाहतात. माणूस कोण होता हे माहीत असण्याची त्यासाठी गरज नसते. ज्यांनी जन्मभर त्यांच्या चहाला नावं ठेवली ते एकामागून एक उठले. एकानं त्यांना अन्नपूर्णा म्हटलं. दुसरा म्हणाला की मावशींच्या हातच्या चहाची गोडी गाव विसरणार नाही, अत्यंत गोड स्वभावाची माउली. ठकूबाई गोड! मी मान खाली घालून बसलो, कारण मला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते, आणि या दोन्ही गोष्टी त्या मंडपात कुणाला समजावून सांगता आल्या नसत्या. मंडपाच्या टोकाला पिंपातून चहा वाटत होते, पाकासारखा. माणसं भुरके मारत ठकूबाईंच्या गोडव्याबद्दल बोलत होती.

मी उठून ठकूबाईंच्या घरी जाऊन ओट्यावर टेकलो. मंगल डोळे पुसत बाहेर आली. चहा टाकते म्हणाली, मी हो म्हणालो. ती आत वळली तेव्हा सवयीनं सांगितलं, "माझ्यात अर्धाच चमचा हं, मंगल."

ती थांबली.

"अर्धा कशाचा, दादा?"

"साखरेचा. मावशी घालायच्या तेवढा."

मंगल दाराला टेकून म्हणाली, "तुमच्या कपात साखर न्हाई हो दादा. परवाची दिवाळी झाली ना, तिच्या आधीच्या दिवाळीपासनंच न्हाई. आत्याबाई नुसता चमचा हालवायच्या. त्याला कळू देऊ नको म्हनायच्या, लबाड हाय, कळलं तर गोड लागायचं न्हाई."

पाटाच्या बाजूनं माईकचा आवाज येत होता, अजून कुणीतरी बोलत होतं. मी माझे हात पाहिले. मांडीवर पडून होते, स्थिर. वर्षाहून अधिक काळ मी रिकाम्या चमच्याची गोडी बाजारात सांगत फिरलो होतो आणि ती बाई टणटण वाजवत मला बघत होती.

मंगल कप घेऊन आली. कप ठेवला, चमचा हातात धरून घुटमळली.

"ढवळू का, दादा?"

"ढवळ," मी म्हणालो. "जरा वेळ ढवळ."