कृष्णातचा फाळका

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक रंगवावा तर कृष्णातनंच, एवढं त्याचं नाव. साताऱ्याकडचा गडी. मागच्या फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघडत्या फळीवर, असं गाय-वासरू काढायचा की ड्रायव्हर लोक हात जोडायचे. मी धनाजी, त्याच्या थोरल्या भावाबरोबर, भैरूबरोबर, हमाली करायचो.

पंच्याण्णवच्या मार्चात माल उतरवताना पत्र्याचं कॉईल, टनावारी वजनाचं गुंडाळं, घरंगळलं आणि भैरू त्याच्या नि फाळक्याच्या मधे चेपला. मी आणि कृष्णात, दोघं तिथंच होतो. त्याच्या बायकोला, सगुणावैनीला, मीच सांगितलं, "जागच्या जागी गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." खोटं बोललो. दुसरं काय सांगणार होतो? कृष्णातला म्हटलं, तूही हेच सांग. तो तोंड फिरवून चालू लागला.

अपघाताची गाडी रंगवल्याशिवाय रस्त्यावर काढत नाहीत, ही बाजाराची रीत. तिसऱ्या दिवशी मालकानं ती कृष्णातच्याच दारात लावली. मेल्याला लाज नाही वाटली! कृष्णातनं मुकाट्यानं फाळक्यावरचे डाग खरवडले, रंग दिला. त्यानंतर त्याच्या हातून ना गाय उतरली, ना मोर. गिऱ्हाइकं तुटली. घरी प्लायवूडला काळा रंग फासायचा आणि त्यावर बोटांनी लाल ओढायचा, वरून खाली, पुन्हा पुन्हा. पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच मी धरून चाललो.

ऐरोलीच्या शाळेतले चित्रकलेचे मधुकर सर कृष्णातची चित्रं बघायला यायचे, त्यांनी त्यातलं एक वाशीच्या प्रदर्शनात लावलं. कृष्णातबरोबर वैनीलाही मीच मोठ्या हौसेनं घेऊन गेलो. वर्षभर बाई घराबाहेर पडली नव्हती. म्हटलं, दिराचं कौतुक बघेल. गाढवपणा माझा.

सर समजावत होते, "महायुद्धानंतर अमेरिकेतल्या काही चित्रकारांनी माणसं काढणं सोडलं. जे पाहिलं ते चेहऱ्यात मावेना. मग हात फिरेल तसा रंग. असलं चित्र कशाचं ते विचारू नका. कधीचं, कुठलं ते विचारा."

वैनीनं विचारलं, "हे कधीचं?"

"मार्च पंच्याण्णव, कळंबोली," सरांनी खालची चिठ्ठी वाचली.

वैनी पुढं झाली. लाल रेघांवर एकेक बोट ठेवलं. पाच रेघा, पाच बोटं. पंजा खाली घसरत नेला, परत वर नेला, परत खाली.

"धनाजीभावजी, हात हलत होता त्यांचा."

मला मान वर करवेना. मग तिनं कृष्णातकडं पाहिलं. "किती वेळ?"

"क्रेन येईपर्यंत, वैनी," कृष्णात म्हणाला. "पाऊण तास."