तिसऱ्याची पाठ

आमचे भावोजी चालायला भारी हळू. ताईबरोबर आगाशीच्या बाजारात निघाले की ताई कोथिंबीर घेऊन, घासाघीस करून, वर शेजारणीशी गप्पा मारून मोकळी व्हायची, तरी हे आपले मागून येतायत ते येतायतच. पण डिसेंबर लागला, हवेत जरा गारवा आला, की हेच गृहस्थ पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून पहाटे रस्त्याने असे सुटत की ओळखीची माणसं घाबरून विचारत, "काय हो, घरी सगळं ठीक आहे ना?"

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. भावोजी मूळचे मालवणकडचे. सातिवलीला एका लहानशा कारखान्यात फोरमन होते आणि विरार पश्चिमेला त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. मला वसईत नोकरी लागली म्हणून मीही त्यांच्याकडेच राहायला आले होते. थंडीच्या दिवसांत आमच्या भागात दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असायचीच. कधी एखादं मंडळ भरवायचं, कधी नाताळच्या सुमाराला चर्चची तरुण मंडळी. अंतर फार नसायचं, एका गावातून निघायचं, दुसऱ्या गावाच्या वेशीवर वळायचं आणि परत. त्यात पंचेचाळिशीच्या पुढच्यांचा एक वेगळा गट असे. भावोजी त्या गटात धावत आणि दरवर्षी चौथे येत. बक्षिसं पहिल्या तिघांना!

शर्यतीच्या आदल्या दिवशी ते मासे खात नसत. मालवणी माणसाने शनिवारी सरंग्याच्या कालवणाकडे पाठ फिरवून वरणभात जेवायचा, म्हणजे ही साधी बाब नव्हे. ताई मुद्दाम त्यांच्यासमोर काटे चोखत म्हणायची, "एवढं करून चौथेच येणार ना? मग तुकडी खाऊन या चौथे." हे आपले वरणभात कालवत राहायचे. सकाळी निघताना दोन सुकेळी तोंडात टाकायची, देवाला हात जोडायचे आणि बाहेर पडायचं. वसईची उन्हात वाळवलेली ती केळी म्हणजे त्यांचं टॉनिक होतं.

घरी परत आले की ताईचा प्रश्न ठरलेला, "कितवे?" यांचं उत्तरही ठरलेलं, "चौथा. पण यंदा तिसऱ्याची पाठ दिसली." ही पाठ आगाशीच्या एका बागायतदारांची. त्यांची केळीची मोठी वाडी होती, म्हणून आम्ही त्यांना वाडीवाले म्हणत असू. भावोजींना त्या पाठीचा शर्ट कुठे उसवलाय तेसुद्धा ठाऊक होतं. मी एकदा म्हटलं, "भावोजी, इतकी वर्षं एकाच माणसाच्या मागे धावताय, लोक काय म्हणतील?" तर हसले नाहीत. म्हणाले, "शालू, शाळेत होतो, कारखान्यात आहे, पण माझं नाव कुणी माइकवर कधी घेतलं नाही. एकदा ऐकायचंय. मग बूट खुंटीला." तेव्हापासून मी त्यांना चिडवणं कमी केलं. बंद नाही केलं.

आणि एका जानेवारीत ते घडलं. आगाशीहून अर्नाळ्याच्या रस्त्याला जाऊन परत यायची शर्यत होती. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक पिंप ठेवलेलं असे. त्याला वळसा घालायचा, तिथल्या माणसाकडून रंगीत फीत घ्यायची, मनगटात अडकवायची आणि परत फिरायचं. फीत म्हणजे पूर्ण धावल्याचा पुरावा. मी आणि ताई मांडवापाशी उभ्या होतो. बघते तर काय, भावोजी वाडीवाल्यांच्या पुढे! ताईने माझा दंड असा आवळला की वळ उठले. भावोजी तिसरे आले. ओळखीचे चेहरे, त्यामुळे मनगट कुणी तपासलंच नाही.

थोड्या वेळाने माइकवरून नाव आलं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. भावोजी व्यासपीठावर चढले, पदकासाठी मान वाकवली आणि थबकले. मनगट मोकळं! पुढे जायच्या आनंदात हा माणूस फीत घ्यायलाच विसरला होता. त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याकडे फीत नाही."

"अहो, असू दे," संयोजक म्हणाले. "तुम्हाला कोण ओळखत नाही?" वाडीवाले खालून ओरडले, "मी बघितलंय, माझ्यापुढेच वळले! द्या त्यांना!" पण भावोजींनी एकदा नाही म्हटलं की पालथ्या घड्यावर पाणी. "नियम काय परक्यांसाठीच असतो? फीत नाही म्हणजे माझी शर्यत अजून व्हायचीय." पदक वाडीवाल्यांच्या गळ्यात पडलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! इतक्या वर्षांचा घास तोंडाशी आला आणि यांना नेमकं आत्ताच हरिश्चंद्र व्हायचं होतं.

तेवढ्यावर थांबतील तर ते भावोजी कसले! पायऱ्या उतरले आणि पुन्हा अर्नाळ्याच्या दिशेने धावत सुटले. मी लुना काढली, ताई मागे बसली. रस्ता आता मोकळा केलेला, एसट्या भोंगे वाजवतायत आणि हे आपले कडेने धावतायत. "भावोजी, पुरे! लोक हसतायत!" मी ओरडले. "हसू देत. वळण राहिलंय."

वळणावर फीतवाला पिंप टेम्पोत चढवत होता. म्हणाला, "काका, रेस कवाच संपली. आता फीत कोनाला दाखवनार?"

"मला," भावोजी म्हणाले. "पिंप जरा खाली ठेवा."

त्या बिचाऱ्याने खरंच ठेवलं. भावोजींनी वळसा घातला, फीत मनगटात घातली आणि आगाशीपर्यंत परत धावले. मांडवातल्या खुर्च्या उचलून झाल्या होत्या. जन्मभर "कशाला ही ऊरफोड" म्हणणारी माझी ताई लुनावरून उतरली आणि फक्कीच्या पुसट रेषेपाशी जाऊन उभी राहिली. ते आल्यावर तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं, चारचौघांत. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, कारण मला रडू आलं होतं.

त्यानंतरही काही वर्षं ते धावले, पण तिसरे पुन्हा आले नाहीत. मग एका पावसाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि भावोजी गेले. इतका धडधाकट माणूस महिन्याभरात संपला.

दहाव्या-बाराव्या दिवशी वाडीवाले भेटायला आले. भावोजींच्या फोटोला नमस्कार केला. मग खिशातून ते पदक काढून फोटोपुढे ठेवायला वाकले. "वहिनी, हे त्यांचं आहे. इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं, मला टोचतं."

ताईने त्यांचा हात धरला. "उचला ते. तुमच्याकडे फीत होती, यांच्याकडे नव्हती. इथे ठेवलंत तर हे आत्ता फोटोतून उठून भांडतील."

वाडीवाले पदक मुठीत धरून खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "मग मी काय करू, वहिनी?"

"जानेवारीत धावा," ताई म्हणाली. "मी येणार आहे बघायला."