मंत्र्यांसाठी मारलेले पट्टे

आज सकाळी जळगावच्या हायवेवर ऑइलपेंटचा वास आला आणि माझं डोकं फिरलं. काही वर्षांपूर्वीही असाच वास सुटला होता. लेकीकडे जर्मनीत राहून मी नुकताच परतलो होतो. तिथं पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की बससुद्धा थांबायची, म्हणून मी काम नसतानाही रस्ता ओलांडून घ्यायचो. एकदा लेकीनं सिग्नलला सायकल धरून उभा असलेला माणूस दाखवला, तो तिथला महापौर. पायी चालणाऱ्याचा तिथला थाट डोक्यात ठेवून, डोळे तपासायला पारोळ्याहून आलेल्या थोरल्या बहिणीचा हात धरून मी याच हायवेच्या कोऱ्या पट्ट्यांवर उतरलो. “भाऊ, डंपर ई राहिना!” भरधाव येणारा डंपर पाहून अक्का ओरडली. “थांबीन तो, पट्टा शे ना,” पट्टा आहे म्हणजे थांबणारच, या खात्रीनं म्हणत मी डंपरला साहेबासारखा हात दाखवला. तो भोंगा वाजवत, तोंडावर वाळू उडवत निघून गेला. मागे सरताना अक्का पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी वाहतूक पोलिसावर जर्मनीसकट तुटून पडलो. तो शांतपणे म्हणाला, “काका, काल मंत्री आले होते, त्यांच्यासाठी मारलेत पट्टे.” “मग त्यांनी ओलांडला का रस्ता?” “ते कशाला ओलांडतील? ते गाडीत होते.” त्या हातानं अक्काला अजून भाकरी थापता येत नाही. आज तिथंच नवे पट्टे मारणारा रंगारी मला म्हणाला, “काका, रंग ओला आहे, पाय नका देऊ.” मी खेकसलो, “आणि वाळल्यावर?”