चुलीचं बुजलेलं तोंड

बायांनो, आज सकाळी माह्या पदराले आग लागली. चुलीत सरपण मावेना, पेटलेलं लाकूड बाहेर घसरून पदरावर पडलं. मोठ्या जाऊबाई पलीकडच्या चुलीवरून धावत आल्या आन् हातानंच आग विझवली.

चूल रोज सारवाची माही सवय. थरावर थर चढून तिचं तोंड अर्धं बुजलं होतं. म्हणूनच धूर होये, लढाईच्या या महागाईत लाकूडही जास्त लागे.

"जुना थर खरडून मंग सारवा लागते," जाऊबाई म्हणाल्या. "मले माईत होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सासूबाई तुह्याच चुलीचं कौतुक करत होत्या."

तुमी आजच आपली चूल खरडून घ्या. जाऊबाईच्या भाजल्या हाताले मीच खोबरेल लावलं. पण त्यायच्याशी बोलू का नको, ते तुमीच सांगा.