साखळीतला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळात नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ जरा सैल सुटतेय. एरवी मी बडबड्या माणूस. लालबागमध्ये कुणालाही विचारा. आणि नेमकी हीच गोष्ट गिळून बसलोय.

गुडघ्यापासून सुरू करतो. ते सोपं आहे, ती गोष्ट मी हौसेनं सांगत फिरलोय. जन्मभर कबड्डी खेळलो, त्यात उजव्या गुडघ्याची आतली बाजू झिजली, पाय बाहेरून वाकडा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांधा बदलायला नको. गुडघ्याखालचं हाड कापू, पाय सरळ करू, प्लेट बसवू, म्हणजे भार चांगल्या बाजूवर जाईल. केलं. कुबड्या, व्यायाम, चिडचिड, सगळं झालं. "पोरांनी नाही छळलं एवढं तुम्ही छळलंत," असं ही अजून ऐकवते. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, हाड मस्त जुळलंय, खेळा, पण बेताने.

मग काय! मंडळाने नायगावच्या मैदानात चाळिशीपुढच्यांचा सामना ठेवला होता. मी चड्डी चढवून उतरलो, लोकांनी शिट्ट्या मारल्या. खरं सांगू? माझी तंतरली होती. पळायची भीती नव्हती हो. पण कुणी अंगावर पडलं तर, त्याच पायावर पडलं तर? हे सांगणार कुणाला? ऑपरेशननंतर परत आलेला हिरो ना मी!

विजू कोपऱ्यात, मी त्याच्या शेजारी, हातात हात. शाळेपासून आमची हीच साखळी. आणि आमची एक खूण होती — चढाईला आलेला रेडर जवळ आला की विजू माझं बोट दाबायचा, म्हणजे जाऊ का? मी उलट दाबलं की तो रेडरच्या घोट्यावर झेप घ्यायचा आणि मी त्याच्याबरोबर घुसून छातीने रेडरला बाहेर रेटायचो. ती दोघांची पकड. एकटा गेला तर रेडर सगळ्या वजनानिशी त्याच्यावरच येणार.

सामना संपत आला होता. त्यांचा एक दांडगा रेडर थेट आमच्या कोपऱ्यात घुसला. विजूने बोट दाबलं. मी उलट दाबलं.

दाबलं — आणि तो झेपावला तसा मी हात सोडला. मागे सरकलो. उजवा पाय वाचवायला.

कळतंय ना तुम्हाला? नुसता घाबरलो असतो तर बोट दाबलंच नसतं. विजू थांबला असता, एक गुण गेला असता, बस. पण मी त्याला सांगितलं, जा, मी आहे. आणि मी नव्हतो.

रेडर त्याच्या खांद्यावर कोसळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बघणारे म्हणाले, विजूने घाई केली, साखळी तोडून गेला. मी तसं म्हणालो नाही. मी फक्त 'हो' अशी मान हलवली. पण मान हलवणं म्हणजे बोलणंच की नाही?

हॉस्पिटलात विजू मला म्हणाला, "सॉरी रे. माझाच हात सुटला. तुझ्या गुडघ्याला काय झालं असतं म्हणजे?" आणि मी, च्यायला, मी त्याला म्हणालो, "सोड रे, होतं असं कधी कधी." मी त्याला माफ केलं! लाज वाटते हो हे लिहिताना.

विजू मंडळाच्या पोरींना कबड्डी शिकवायचा. त्यात त्याचा जीव होता. खांदा बरा झाला, पण तो परत आला नाही. म्हणाला, हात कधी सुटला हेच मला कळलं नाही, मी पोरींना काय शिकवणार? मंडळाने मला विचारलं, तू शिकवशील का? मी हो म्हणालो. का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात तो सहज सराव बघायला आला, बाहेर कठड्याला टेकून उभा राहिला. आत एका पोरीने ऐन पकडीत जोडीदारणीचा हात सोडला. मी केवढ्यांदा ओरडलो, "हात सोडायचा नाही! दुसरी मरेल तिथे!" आणि बाहेर विजूने मान खाली घातली.

सामन्याच्या दिवशी माझा गुडघा दुखतसुद्धा नव्हता. त्याचा हात सुटला नाही, मी सोडला. कठड्यापर्यंत चार पावलं जाऊन एवढंच सांगायचं होतं. मी शिट्टी वाजवली आणि पोरींना पुढची चढाई घ्यायला लावली.