हरकतीला हरकत

आमची मावशी तशी तोंडाची फटकळ, पण गिऱ्हाइकापुढे नुसता मध. मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, पडद्याआड हातपाय आखडूनच झोपावं लागेल एवढी वॅक्सिंगची जागा. गल्ली पैसेवाल्यांची. मावशी राहायची बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. सकाळी मुलगी उठायच्या आत निघायची, परतेपर्यंत ती जेवून झोपायला आलेली.

स्टेशनला लागून असलेला बस डेपो बंद पडला आणि तिथे कमी भाड्याच्या घरांची इमारत ठरली. मावशी काकांना म्हणाली, "आपण अर्ज करायचा. मी चालत कामावर जाईन."

मग एक दिवस वकिलीणबाई भुवया कोरायला आल्या. गल्लीतल्या रहिवासी समितीच्या त्या अध्यक्ष. डोळे मिटूनच म्हणाल्या, "पर्यावरणाचा अभ्यास झाल्याशिवाय तिथे वीट रचू द्यायची नाही, अशी हरकत घेतोय आम्ही. तुझीही सही हवी."

मावशीच्या दातात दोरा, हात चालूच. बाईंनी झाडं सांगितली, धूळ सांगितली, मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अभ्यासात दोन-चार वर्षं सहज जातात गं. तोवर बिल्डरच कंटाळेल. नाहीतर कसले कसले लोक येऊन राहतील, सांग!"

मावशीने दोरा काढला. "माझ्यासारखे."

"अगं, तुझं कुठे म्हणतेय मी?"

"मी अर्ज करणार आहे, बाई. सही नाही मिळायची."

घरी काका हादरले. "स्वतःच्या पोटावर पाय का देतेस? हरकतीच्या सुनावणीला तरी जाऊ नकोस."

ती गेली. सभागृहात निम्मी तिचीच गिऱ्हाइकं. ती माईककडे निघाली तशा तिनेच कोरलेल्या भुवया वर चढल्या.

"झाडं बघा, धूळ बघा, माझी ना नाही," मावशी म्हणाली. "पण इथे गाड्यांसाठी तीन मजले पार्किंग बांधलं, तेव्हा हा अभ्यास कुठे होता? आम्ही रोज शहराच्या टोकावरून धूर खात येतो, तो पर्यावरणात धरत नाहीत का? स्टेशनजवळ घरं नकोत, तर मेट्रो काय नुसती बघायला बांधली?"

"खाली बसा!" मागून कुणी ओरडलं.

"दिवसभर उभीच असते मी. सवय आहे."

अभ्यासाचा हुकूम निघालाच. गल्लीतली गिऱ्हाइकं तुटली. वकिलीणबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "माफी माग, सगळ्या परत येतील."

"माफी नाही ठेवत मी. फेशियल आहे, बसा."

बाई गेल्या. मावशी संध्याकाळी मेट्रोतून उतरणाऱ्या नर्स आणि दुकानांतल्या मुली धरू लागली. कमाई घटली, पण दुकान तगलं.

अभ्यासाला तीन वर्षं लागली. थोडी झाडं हलवा आणि गटार मोठं करा, एवढंच निघालं. गटाराचं बरोबर होतं, हे मावशीनेही मान्य केलं. इमारत झाली, सोडत निघाली, मावशीचा नंबर लागला नाही. त्या दिवशी ती बसमध्ये रडली. तोवर मुलगीही शिकायला बाहेरगावी गेली होती.

पुढच्या वर्षी पलीकडच्या स्टेशनजवळ तशीच इमारत ठरली आणि तशीच हरकत आली. तिथे मावशीचं ना घर, ना दुकान. तरी सुनावणीला ती हजर.

"तुमचा काय संबंध इथे?" कुणीतरी विचारलं.

"मी लांबून येते," मावशी म्हणाली आणि माईक स्वतःकडे ओढला.